माथाडीची मजुरी मंडळातूनच जायला हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोदामांच्या आणि कारखान्यांच्या प्रश्नावर चर्चा निघाली की ‘माथाडीमुळे उद्योग बाहेर जातात’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी १९६९ चा ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार’ कायदा उघडून पाहिलेला असतो. आम्ही बाजार आवारांत आणि या कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळांच्या कार्यालयांत या कायद्याचं रोजचं काम जवळून पाहतो. पैसा कुठून निघतो, कुठे जातो आणि वाटेत कुठे अडतो, एवढंच या पत्रात मांडायचं आहे.

आधी हा कायदा कुणामुळे झाला ते सांगायला हवं. मुंबईत मशीद बंदर आणि गोदीच्या भागात सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावहून आलेली माणसं पाठीवर पोती वाहत. त्यांना ना मालक ठरलेला, ना पगाराची तारीख. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. कुणीच मालक नसल्यामुळे कुठलाच कामगार कायदा त्यांना लागू होत नव्हता. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत याच माणसांना संघटित केलं, तर पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. नेत्यांची नावं लोकांच्या लक्षात राहिली, पण कायद्यासाठीचा संप टिकवला तो हमालांच्या टोळ्यांनी, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या गटांनी. काम बंद असताना गावाहून आणलेलं धान्य वाटून खाणारे आणि मुकादमाच्या धमकीला न बधणारे हे लोक होते. कायद्यातल्या प्रत्येक तरतुदीमागे त्यांची एक तक्रार आहे.

त्यातून निघालेला तोडगा साधा होता आणि आमच्या मते फार हुशारीचा होता. एक मालक सापडत नसेल तर सगळ्या मालकांचं मिळून एक मंडळ करायचं. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे समसमान प्रतिनिधी, शिवाय सरकारचे. व्यापारी, कारखानदार किंवा गोदामवाला मंडळाकडे नोंदणी करतो, आणि हमालांची टोळीही तिथेच नोंदवली जाते. प्रत्येकाला ओळखपत्र आणि हजेरी-वेतनाची पुस्तिका मिळते. मालक मजुरी टोळीच्या हातात देत नाही, मंडळात भरतो. मजुरीवर ठरलेल्या टक्केवारीने लेव्हीही भरतो. मंडळ कामगाराच्या बँक खात्यात मजुरी जमा करतं आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, पगारी रजा, औषधोपचार आणि अपघाताची भरपाई चालते. ठेकेदार मधे राहतच नाही. मालकाने रक्कम थकवली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याचा अधिकारही कायद्याने दिला आहे.

हे आकड्यांत पाहू. समजा २० टनांचा एक ट्रक धान्य घेऊन आला. म्हणजे ५० किलोची ४०० पोती. दहा जणांची टोळी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पोती, म्हणजे एका ट्रकमागे एका माणसाने २ टन माल उतरवून थप्पीला लावला. पोत्याला ६ रुपये दर धरला (हा दर केवळ हिशेबासाठी घेतला आहे) तर मजुरी होते २४०० रुपये, म्हणजे माणशी २४०. लेव्हीचा दर प्रत्येक मंडळाचा वेगळा आहे. तो मजुरीच्या एक तृतीयांश धरला तर ८०० रुपये. मालकाने मंडळात ३२०० रुपये भरायचे, आणि ही रक्कम ४०० पोत्यांवर वाटली तर पोत्यामागे ८ रुपये पडतात. उद्योग बाहेर जातात असं म्हणणाऱ्यांनी पोतंभर मालाच्या किमतीपुढे हे ८ रुपये ठेवून पाहावेत.

आता गफलत कुठे होते ते पाहा. मंडळाकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर ४०० ऐवजी २५० पोती लिहिली जातात. २५० पोत्यांची मजुरी आणि लेव्ही रीतसर भरली जाते, उरलेल्या १५० पोत्यांचे ९०० रुपये टोळीला रोख मिळतात. त्या दिवशी हमालाला काहीच कमी पडलेलं दिसत नाही, कारण हातात पैसे पूर्ण आलेले असतात. पण १५० पोत्यांची ३०० रुपये लेव्ही बुडालेली असते. वर्षानुवर्षं हेच चाललं की निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी तोकडा निघतो. उपदान आणि बोनसचा हिशेबही कागदावरच्या मजुरीवरच होत असल्याने तेही कमी मिळतात. जिथे अशा चिठ्ठ्या चालतात, तिथे पंचवीस-तीस वर्षं पोती उचललेल्या माणसाच्या हाती अपुराच हिशेब पडतो.

याला उपाय आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. बाजार समितीच्या फाटकावर प्रत्येक गाडीची आवक नोंदली जाते. कोणत्या पेढीला किती नग आले, ते तिथे लिहिलेलं असतं. ती नोंद आणि मंडळाकडे आलेली चिठ्ठी दर महिन्याला शेजारी ठेवून ताडून पाहिली तर तफावत लगेच दिसते. दोन्ही ठिकाणी आता संगणक आहेत. मंडळांकडे निरीक्षक मात्र पुरेसे नाहीत, आणि जे आहेत त्यांच्या हाती फाटकावरची नोंद कुणी देत नाही.

औद्योगिक वसाहतींत अडचण वेगळी आहे. तिथे अनेक कारखाने नोंदणीच करत नाहीत. चढ-उताराचं काम ‘हाउसकीपिंग’ किंवा ‘पॅकिंग’च्या नावाखाली ठेकेदाराला दिलं जातं. कागदावर माणूस झाडू मारतो, प्रत्यक्षात कंटेनर भरतो. फोर्कलिफ्ट आल्यावर माथाडी उरलाच कुठे, असा युक्तिवादही ऐकू येतो. पण फोर्कलिफ्टच्या दोन्ही टोकांना हात लागतातच: पॅलेटवर (माल रचायच्या फळीवर) खोकी रचायला माणूस लागतो, आणि कंटेनरमध्ये खोकी एकेक करून लावायलाही. यंत्राला आमचा विरोध नाही. यंत्र आणताना नोंदणीकृत टोळीतल्याच तरुणांना ते चालवायला शिकवावं आणि उरलेल्या हाताच्या कामाचा दर ठरवून मंडळातूनच द्यावा, एवढीच मागणी आहे.

आणि आता खंडणीबद्दल, कारण हा आरोप टाळून पुढे जाणं बरोबर नाही. माथाडीच्या नावाने न उचललेल्या मालाचे पैसे मागणाऱ्या टोळ्या आहेत, गाड्या अडवणारे आहेत. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत गुन्हे दाखल व्हायलाच हवेत. पण त्यांचा या कायद्याशी संबंध नाही. उलट कायदा नीट पाळला तर त्यांना जागाच उरत नाही. कारखानदारांना आमचं सांगणं आहे की समोर आलेल्या माणसाकडे टोळीचा नोंदणी क्रमांक मागा, तो मंडळाकडे पडताळा, आणि एक रुपयाही रोख देऊ नका. पैसे फक्त मंडळाच्या खात्यात जातील म्हटलं की खोटा माणूस दाराशी थांबत नाही. वाराईचंही तसंच. वाराई म्हणजे गाडीवानाकडून उतराईचे पैसे घेणं, आणि ते चूक आहे. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’, म्हणजे हमाली मालाच्या मालकानेच द्यायची, हे तत्त्व ट्रकवाले सांगतात तेव्हा ते हमालाच्याही बाजूनेच बोलत असतात.

चळवळीने आपल्याही घरात पाहायला हवं अशा दोन गोष्टी आहेत. पहिली बदली कामगारांची. नोंदणी असलेला माणूस वयाने थकतो, गावी जातो, आणि त्याच्या क्रमांकावर दुसराच पोती वाहतो. मजुरी पहिल्याच्या खात्यात जाते, त्यातला वाटा दुसऱ्याला रोख मिळतो. या दुसऱ्याला अपघात झाला तर तो कागदावर तिथे नव्हताच. जुन्या हमालांना ज्या ठेकेदारीने छळलं, तिचीच ही लहान आवृत्ती आहे, आणि टोळीने ती स्वतः बंद केली पाहिजे. दुसरी गोष्ट बायकांची. भुसार बाजारात धान्य निवडणाऱ्या, पाखडणाऱ्या, सांडलेलं गोळा करणाऱ्या बायका पुरुषांच्या टोळीइतकेच तास राबतात. अनेक बाजारांत त्यांची नोंद आजही टोळीत होत नाही.

वजनाबद्दलही लिहायला हवं. पूर्वी १०० किलोचं पोतं एका पाठीवर जायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली, आणि हमालांनी ५० किलोचा आग्रह धरून लढा दिला. सिमेंट, साखर, खत आता ५० किलोत किंवा त्याहून कमी वजनात येतं, पण कांदा-बटाट्याच्या गोण्या आजही त्याच्या वर भरून येतात. मानेचे मणके आणि गुडघे पन्नाशीच्या आतच जातात. गोणी भरली जाते त्या गावातच वजन तपासलं तर प्रश्न सुटतो. बाजारात आल्यावर ती परत पाठवता येत नाही, कारण मग शेतकऱ्याचा माल सडतो आणि शेतकरी-हमाल यांच्यात नाहक भांडण लागतं.

याच नमुन्यावर १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. केरळ आणि तामिळनाडूनेही अंगमेहनतीच्या कामगारांसाठी मंडळांचे कायदे केले. ज्या राज्यातून हे निघालं तिथे मंडळांमधली पदं रिकामी ठेवणं आणि मग मंडळं चालत नाहीत म्हणून कायदा सैल करा म्हणणं, हे आम्हाला मान्य नाही. कामगार विभागाने जिल्हावार तीन याद्या दर तीन महिन्यांनी जाहीर कराव्यात: नोंदणीकृत मालकांची, नोंदणीकृत टोळ्यांची आणि लेव्ही थकवणाऱ्यांची. पहिल्या दोन याद्यांवरून खरी टोळी कोणती ते कारखानदाराला कळेल, आणि तिसरीवरून आपल्या मालकाने लेव्ही थकवली आहे का ते हमालाला पाहता येईल.

आपले,
हमाल-माथाडी कामगारांमध्ये काम करणारे काही कार्यकर्ते