जुनाट दुखण्यासाठी ‘पेन ओपीडी’चा रस्ता दाखवा

संपादक महोदय,

तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी, मानदुखी किंवा नागीण बरी झाल्यावरही मागे राहिलेली आग घेऊन माणूस आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, मग न्यूरोकडे, मग कुणा पाहुण्याने सांगितलेल्या पुडीवाल्याकडे. जुनाट वेदनेवरच काम करणारी ‘पेन ओपीडी’ (पेन क्लिनिक) मात्र त्याला कुणी सांगत नाही. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ती बहुधा भूलतज्ज्ञांच्या विभागात चालते. भूल म्हणजे ऑपरेशन असं डोक्यात बसलेलं, त्यामुळे तिकडे पाय वळत नाहीत. केसपेपरच्या खिडकीवर ‘पेन क्लिनिक कुठल्या वारी असतं?’ एवढं नक्की विचारा, कारण ते रोज असेलच असं नाही.

जाताना फायलीवर एक पान लावा. दुखणं कधीपासून, सलग किती मिनिटं बसता येतं, किती चालता येतं, रात्री किती तास झोप लागते, आजवर कोणती गोळी किती मिलिग्रॅमची घेतली आणि कशाने काय फरक पडला. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘दहा मिनिटं उभं राहिलं की डावा पाय बधिर होतो’ हे वाक्य डॉक्टरांच्या जास्त कामाचं. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती सरकलेली दिसली म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलंच असं नाही. अजिबात न दुखणाऱ्या अनेकांतही ती तशी दिसते.

गोळ्यांचा घोळ इथेच होतो. दोन डॉक्टरांच्या दोन वेगळ्या नावांच्या वेदनाशामकांत बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, त्यात तापासाठी तिसरी गोळी. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचून बेरीज करा: धडधाकट प्रौढालाही चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नको, यकृत नाजूक असेल तर त्याहून बरंच कमी. नसांच्या दुखण्याला रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन दिलं की औषधवाला किंवा भाचा सांगतो, ‘ही तर डिप्रेशनची गोळी’, आणि ती तिसऱ्या दिवशी बंद होते. नैराश्यात हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. वेदनेवर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोंड कोरडं पडणं आणि सकाळची गुंगी सुरुवातीलाच जास्त असते. वयस्क माणसाने ही गोळी घेतल्यावर रात्री उठताना दिवा लावूनच उठावं.

पुडीने चार दिवसांत चमत्कार झाला तर आम्हाला आधी शंका येते ती स्टेरॉइडची. चेहरा सुजतो, साखर चढते. पण काही आठवडे घेतलेली पुडी एकदम थांबवू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

घरातला आधार म्हणजे ‘पडून राहा’ नव्हे, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत’ हे तर नव्हेच. बरं वाटलं त्या दिवशी माळा आवरायचा आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात, हे चक्र घरच्यांनीच थांबवावं. पोळ्या लाटताना वीस मिनिटांनी कंबर भरून येत असेल तर पंधराव्या मिनिटाला बसायचं, दुखत नसलं तरी. एक पाय पालथ्या पाटावर ठेवला की कंबरेवरचा ताण उतरतो. आठवड्याला एक-दोन मिनिटंच वाढवा. उरलेल्या पोळ्या दुसऱ्या कुणी लाटाव्यात, कुरकुर न करता.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमधल्या जागेची बधिरता, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावं.

रुग्णालय प्रशासनांना आमची विनंती आहे: केसपेपरच्या खिडकीशेजारी पेन ओपीडीचा वार, वेळ आणि खोली क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत लावा. हाडांच्या आणि मज्जासंस्थेच्या ओपीडीबाहेरही तोच फलक हवा, कारण आमचे रुग्ण आधी तिथेच तासन् तास बसलेले असतात.

– वेदना उपचार विभागात काम करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट