प्लास्टर निघालं, पुढे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर घसरले, हात टेकवला आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, 'कोलीज फ्रॅक्चर'. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलीज यांनी १८१४ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, त्याचं वर्णन केलं होतं म्हणे!

हाड साधारण ६ आठवड्यांत सांधतं, पण हात लगेच कामाला येत नाही. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडासारखं ताठ. पोळी लाटणं सोडाच, कुलपात किल्लीही फिरेना. शेजारणींनी हाडवैद्याकडून चोळून घ्यायला सुचवलं. मी गेले नाही. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी कोमट पाण्यात मनगट वाकवणं, तळवा उताणा-पालथा करणं शिकवलं. मग कणकेचा गोळा दाबायला सांगितला, तेव्हा आमच्या ह्यांना हसू आवरेना.

तक्रार वेगळीच आहे. प्लास्टरमध्ये असतानाही बोटं, कोपर, खांदा हलवत राहायचं, हात उंच ठेवायचा, बोटं बधिर किंवा निळी पडली तर तडक दवाखाना गाठायचा, हे मला कुणी लिहून दिलं नाही. हाती आले ते इंग्रजी कागद. प्रत्येक दवाखान्याने एक पानभर मराठी सूचना द्यायला काय हरकत आहे? आणि पाळी गेलेल्या बाईचं हाड उभ्याउभ्या पडून मोडलं, तर हाडांच्या घनतेची तपासणीही त्याच पानावर सुचवावी. 'वय झालं' म्हणून ती टाळतात. ठिसूळ हाडांवर औषधं आहेत.

– एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, वाई