आईचं गंगावन, बाबांची कात्री

हरमल, गोवा
१२ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, माझ्या नव्या केसांचा फोटो पाहिल्यापासून तुम्ही चार दिवस फोनवर आला नाहीत. आई म्हणाली, "त्यांना जट दिसली." ऐकून मला रडूच आलं. गल्लीतल्या आक्कांची जट तुम्ही कापलीत तेव्हा मी आठ वर्षांची होते, पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी. यल्लम्माचं बोलावणं म्हणून बारा वर्षं त्यांच्या केसांना फणी लागली नव्हती, ओझ्याने मान कलली होती. कापून होईपर्यंत आई त्यांचा हात धरून बसली होती. ते विसरून मी डोक्यावर जट मिरवीन, असं तुम्हाला वाटू नये म्हणून हे पत्र.

आई, तुझ्या लग्नाच्या फोटोत गंगावनाचे उसने केस घातलेली वेणी आहे ना, माझ्या डोक्यावरच्या या बटाही तशाच वरून जोडलेल्या आहेत. फक्त धागा कृत्रिम, कानेकलॉन नावाचा, जपानी कंपनीचा. जमैकातले रास्ताफारी पंथाचे लोक श्रद्धेने स्वतःच्या केसांच्या अशा बटा राखतात. माझं तसलं काही व्रत नाही, मला ती गुंफण आवडते.

धागा आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवते, नाहीतर त्यावरच्या लेपाने डोकं खाजतं. मग बोटाएवढी बट बारीक फणीने उलटी विंचरायची, गुंता झाला की पीळ देऊन वाफेवर धरायची. वाफेने धागा मऊ पडतो आणि गार झाला की पीळ तसाच बसतो. विस्तवाजवळ मात्र न्यायचा नाही, वितळतो. प्रवासात वाफेचं यंत्र कुठलं? जिथे उतरते तिथल्या काकूंची चहाची किटली मागून घेते आणि तोटीवर धरते. पहिल्या दिवशी बोटं भाजली, आता जाड हातमोजे घालते.

बट मधोमध दुमडून माझ्या केसांच्या छोट्या वेणीत गुंफायची. अशा पन्नास झाल्या की डोकं भरतं. डोकं आठवड्यातून दोनदा धुते, उन्हात पूर्ण वाळवते, आणि दोन महिन्यांनी सगळं सोडायचं. कानशिलाजवळचे नाजूक केस घेतच नाही, सतत ओढ बसली की ते गळतात. इथे दुसऱ्यांच्याही बटा गुंफते, पण आवळून घाल म्हणणाऱ्यांचं ऐकत नाही. वेणी किती आवळायची हे आई, तुझ्यापुढे पाठ करून बसताना कळलं मला.

परवा किनाऱ्यावर मणी विकणाऱ्या एक लमाणी मावशी थांबल्या. लांबूनच हात जोडून हळू विचारलं, "देवीची का गं?" मी त्यांना शेजारी बसवलं आणि एक बट त्यांच्यासमोर उलगडली. आतून माझे काळे केस निघाले. त्यांनी ते बोटांत धरून पाहिले. दुसरी बट त्यांनी स्वतः सोडली. तिसरीही. मग म्हणाल्या, बहिणीच्या डोक्यात नऊ वर्षांची जट आहे, ती अशी सुटेल का? म्हटलं, ती कापावी लागेल, पण कापल्याने कुणाचं वाईट होत नाही, माझ्या बाबांनी कापली आहे.

बहीण संकेश्वरला असते, आपल्या गडहिंग्लजपासून जवळच. नंबर घेऊन ठेवलाय. बाबा, जाल का? कात्री लगेच काढू नका, नुसतं बोला. आक्कांना सोबत न्या, त्यांचं ती ऐकेल.

होळीला आंबोलीमार्गे येते. आई, माझ्या बटा तूच सोड.

तुमची,
मनू