शेड वाढवताय, बॉयलर बदलताय? आधी संमतीपत्र काढून बघा

सर्व सभासद उद्योजकांना सूचना.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोन टप्प्यांत असते: बांधकामाआधी उभारणीची आणि उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची. चाचणी उत्पादनही दुसरी संमती हातात आल्यावरच घ्यावे. पाण्यासाठी १९७४चा आणि हवेसाठी १९८१चा कायदा लागू होतो.

बहुतेक जण अडकतात ते नंतरच्या बदलांत. संमतीपत्रात उत्पादन, त्याचे प्रमाण, सांडपाणी, इंधन आणि धुराड्याची उंची लिहिलेली असते. यातले काहीही बदलायचे असेल, तर मशीनची ऑर्डर देण्याआधी सुधारित संमतीसाठी अर्ज करा.

जनरेटरकडे विशेष लक्ष द्या. पत्र्याखालीच संपलेला धुराचा पाइप आणि भिंतीवरचा काजळीचा पट्टा तपासणीत लगेच दिसतो. धुराडे इमारतीच्या उंचीपेक्षा ०.२ गुणिले जनरेटरच्या केव्हीएचे (क्षमतेच्या आकड्याचे) वर्गमूळ इतके मीटर वर हवे. म्हणजे १०० केव्हीएला २ मीटर.

जळके ऑइल, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ, रसायनांचे रिकामे ड्रम भंगारवाल्याला देऊ नका, कृपा करून. हा घातक कचरा आहे. पक्क्या फरशीवर, छपराखाली, लेबल लावून साधारण ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो. अधिकृत संस्थेकडे पाठवताना नमुना १० (कचऱ्याच्या वाहतुकीची नोंद) भरा. वार्षिक विवरण, नमुना ४, ३० जूनपर्यंत.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरीचे वेगळे बघावे लागते. आवारातले झाड तोडायचे असल्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या.