सर, त्या पोत्यासाठी तुमचे आभार

आदरणीय सर,

गेल्या गुरुवारी माझी वैमानिक परवान्याची स्किल टेस्ट झाली. पास झाले. उड्डाणाचे २०० तास भरले, पेढे वाटून झाले, आईचं रडून झालं. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘अभिनंदन बेटा, जेवली का?’ आणि माझ्या घशातून आवाजच फुटेना. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आज कुठल्या तरी विमानात डाव्या, शिकणाऱ्याच्या सीटवर एखादी मुलगी मुकाट बसलेली असेल, तिलाही हे कळायला हवं.

तुमच्याकडे आले तेव्हा माझे साठेक तास झाले होते आणि विमानात तोंड उघडणं मी सोडून दिलं होतं. आधीच्या ठिकाणचं नाव घेत नाही. तिथे काही विचारलं की ‘पुस्तक वाचून येत नाहीस का?’ आणि नाही विचारलं की ‘तोंड शिवलंय का?’ लँडिंगच्या वेळी तिथले सर न सांगता योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, धरायचे, न सांगता सोडायचे. एका सकाळी मला वाटलं त्यांनी धरलाय, त्यांना वाटलं माझ्याकडेच आहे. धावपट्टीपासून दहा-बारा फुटांवर आमचं छोटं शिकाऊ विमान, सेसना १७२, कुणाच्याच हातात नव्हतं! आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. माझ्या शेऱ्यात लिहिलं गेलं, ‘विद्यार्थिनी गोंधळली.’ गोंधळले होतेच मी. पण त्या विमानात आम्ही दोघं होतो ना? ‘आय हॅव कंट्रोल’, म्हणजे विमान आता माझ्या हातात, एवढं म्हणायला काय पैसे पडतात? सर, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि मग तुमचा पहिला दिवस. इंजिन सुरू करायच्या आधीच तुम्ही म्हणालात, ‘मी म्हणणार यू हॅव कंट्रोल. तू म्हणणार आय हॅव कंट्रोल. मी पुन्हा म्हणणार यू हॅव कंट्रोल. आणि तेवढ्यावर विश्वास नाही ठेवायचा, माझे हात बघायचे.’ मग तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेत, तळवे वर करून. देवापुढे प्रसादाला बसलेला माणूस ठेवतो ना, तसे. उजव्या तळव्यावर ग्रीसचा काळा डाग होता, तोही मला आठवतो. पुढे कितीतरी वेळा ते तळवे पाहिले, पण खरे दिसले ते पोत्याच्या दिवशी.

थंडीची सकाळ होती, धुरकट. क्रॉसविंड लँडिंग, म्हणजे आडव्या वाऱ्यात उतरणं, कसं करायचं ते तुम्ही मला दाखवत होतात. साधारण दोनशे फुटांवर धावपट्टीच्या कडेला मला काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. कुत्रा! मी ओरडलेच, ‘गो अराउंड!’ म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. तुम्ही ‘कुठे?’ म्हणाला नाहीत, ‘का?’ म्हणाला नाहीत. इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे गेला होता. वर चढताना मी खाली पाहिलं, तर कडेच्या दिव्याला अडकून खताचं रिकामं पोतं फडफडत होतं. माझे कान तापले. आता ओरडा बसणार म्हणून मी खांदे आवळून बसले. हजार फुटांवर विमान सरळ झालं आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘यू हॅव कंट्रोल. आता तू उतरव.’ मी वळून पाहिलं. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, उघडे.

चूक केल्यावर लगेच विमान माझ्या हातात देणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

खाली आल्यावर हँगरमागच्या बाकावर चहा पिताना तुम्ही म्हणालात, ‘पोतं निघालं म्हणून तू चुकली नाहीस. पुढच्या वेळी काहून चूप बसली, असं मला विचारायला लावू नकोस.’ आणि स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमान अपघाताची गोष्ट सांगितलीत. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर समोरासमोर दोन बोइंग ७४७. केएलएम या डच कंपनीच्या विमानात मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरने विचारलं होतं, ते दुसरं विमान धावपट्टीवरून हललं नाही का? कॅप्टन म्हणाले, हललंय. ते त्या कंपनीत इतरांना ७४७ शिकवणारे, त्यांच्यापुढे आणखी कोण बोलणार? ५८३ माणसं गेली. मग मंगळूरचा विमान अपघात, २२ मे २०१०. तिथे तर सहवैमानिक ‘गो अराउंड’ म्हणालाही होता, तरी १५८ जीव गेले. क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे विमानातल्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलून, ऐकून काम करणं, हा धडा मी आधी पेपरपुरता पाठ केला होता. त्या बाकावर तो कळला. बोलणाऱ्याने बोलायचं हे अर्धंच झालं, ऐकणाऱ्याचा हात थ्रॉटलवर जायला हवा.

तुम्ही मेकॅनिक दादांचंही असंच ऐकायचात. ते नुसतं ‘आज नको, सर’ म्हणाले की तुम्ही हेडसेट काढून ठेवायचात. हवामान झकास, आम्ही पोरं नटूनथटून तयार, तरीही. तेव्हा चरफडायचो आम्ही. माणूस मोठा असला की त्याच्याजवळ उभ्या असलेल्या लहान माणसाचाही आवाज मोठा होतो, हे तुमच्याकडे पाहून समजलं. घरात, शाळेत, कचेरीत असे किती लोक मिळतात, सर? मला एक मिळाला.

टेस्टच्या दिवशी परीक्षकांनी एकदा विमान स्वतःकडे घेतलं, थोडं वळवलं आणि म्हणाले, ‘यू हॅव कंट्रोल.’ मी ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणाले आणि सवयीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. डावा हात अजून योकवर होता. पोटात गोळा आला, पण बोलले, ‘सर, तुमचा हात?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

तुमची विद्यार्थिनी