मनू, ती डिश तुझ्या हातून फुटली नाही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला तेव्हा काही धड सांगताच आलं नाही, म्हणून आता बसून लिहितेय, शांतपणे वाच. "आई मी गरम पाण्याखाली धरली म्हणून फुटली, तू एवढी खपून केलेली" असं म्हणत होतीस ना, तर ते तसं नाहीये बाळा. हाताला सोसेल एवढ्या पाण्यानं नीट निवलेली ७-८ मिमीची काच फुटत नाही. ती डिश तुझ्याकडे आली तेव्हाच तिच्या पोटात ताण होता आणि तो माझ्यामुळं राहिला होता. पाणी फक्त निमित्त.

तू आली होतीस त्या शनिवारी सकाळपासून लाईट नव्हती आठवतंय का? काचेचं सपाट फ्यूजिंग, म्हणजे थर वितळवून एकजीव करायचं काम, मी गुरुवारीच करून ठेवलं होतं, ते अगदी व्यवस्थित झालं होतं. खिडकीची साधी ४ मिमीची काच, दोन थर, मधे आपल्या पारावरचं पिंपळपान. भट्टी ५०० अंशांच्या आसपास तासभर थांबवायची म्हणजे पान जळून त्याचा धूर काचेच्या कडा बंद व्हायच्या आत बाहेर पडतो, नाहीतर आत मोठे मोठे बुडबुडे धरतात, आणि मग सावकाश ८२० पर्यंत न्यायची. पान जातं पण त्याची राख जिथल्या तिथं राहते, पांढुरकी, शिरान् शीर दिसते. तू उजेडात धरून म्हणालीस की आई हे वहीत ठेवलेल्या जाळीच्या पानासारखं दिसतंय, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं.

राहिलं होतं फक्त वाकवायचं काम, म्हणजे स्लम्पिंग. सपाट काच मातीच्या साच्यावर ठेवायची आणि ७०० पर्यंत तापवायची, मग ती स्वतःच्या वजनानं हळूहळू साच्यात उतरते. त्याला काही फार वेळ लागत नाही, वेळ लागतो तो त्यानंतर. लाईट आली संध्याकाळी ६ ला, भट्टी ७०० ला पोचायलाच साडेदहा वाजले, आणि तुझी गाडी सकाळी ६ ची. खरं तर ७०० वरून ५५० ला आली की तिथं दीड तास थांबवायची, मग तासाला ५० अंश अशी ४०० पर्यंत उतरवायची, आणि पुढं आपली आपण थंड होऊ द्यायची, हाताला गार लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मी काय केलं, दीड तासाच्या जागी २० मिनिटं ठेवली आणि भट्टी सरळ बंद केली. पहाटे ३ ला उठून बघितलं तर २१० दाखवत होतं, तरी झाकण चार बोटं उचलून खाली विटेचा तुकडा लावला, आणि पावणेपाचला हातमोजे घालून बाहेर काढून तुझ्या टॉवेलमधे गुंडाळली. तुला सोबत द्यायचीच होती मला, बाकी काही सुचतच नव्हतं.

आता ५५० ला थांबायचं कशासाठी ते सांगते. काच त्या तापमानाला घट्ट दिसते, आकार सोडत नाही, पण आतून अजून जरा सैल असते, आतले कण आपापली जागा करून घेऊ शकतात. सगळी काच, मधली, काठाची, वरची, खालची, एकाच तापमानाला आली पाहिजे, आणि मग सगळी बरोबरच खाली आली पाहिजे. घाई केली की काठ आधी गार होऊन आखडतो, मधला भाग गरमच राहतो, मागाहून तो आखडायला जातो पण काठ आधीच घट्ट झालेला, जागा देत नाही. मग ती ओढाताण काचेत कायमची राहते. दिसत काही नाही, वाजवून बघितली तरी कळत नाही. आठवडा जातो, महिना जातो, आणि एक दिवस टक करून दोन तुकडे. इंग्रजीत याला अ‍ॅनीलिंग म्हणतात, मी आपलं निववणं म्हणते, मला तोच शब्द बरा वाटतो.

गाडीची बाजूची काच मुद्दाम झटकन गार करून असाच ताण भरून बनवतात, टफन्ड म्हणतात ना ती. पण तिथं तो सगळीकडून सारखा आणि मोजूनमापून भरलेला असतो, म्हणून ती मजबूत असते आणि फुटलीच तर सगळीच्या सगळी बारीक दाणे होऊन पडते. आपल्या डिशमधे तो कुठं जास्त कुठं कमी.

तुझा फोन ठेवला आणि मला झोपच येईना. त्याच भट्टीत त्याच रात्री मी दोन डिश लावल्या होत्या, एक तुझी आणि एक घरात ठेवली होती. ती काढली. बाबांचे गाडी चालवायचे गॉगल आहेत ना पोलराईज्ड, ते डोळ्याला लावले, लॅपटॉपवर नुसता पांढरा पडदा लावला, आणि मान वाकडी करत गेले, एका कोनात पडदा पूर्ण काळा दिसायला लागतो, तिथं थांबायचं आणि मधे काच धरायची. ताण नसेल तर काचही काळीच दिसते. मनू, अगं पानाच्या देठाजवळ आणि काठाला दोन ठिकाणी असा पांढरा उजेड पसरलेला दिसला, ढगाआडून चंद्राचा येतो तसा. मी बाबांना उठवून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, मग आता पोरीला सांग की तिची चूक नव्हती. म्हणून हे पत्र.

बरं, ताण दिसला म्हणजे ती डिश गेली असं नाही. तडा गेलेला नसेल तर काच परत निववता येते. मी आज सकाळी ती सावकाश तापवत ५५० पर्यंत नेली, अगदी सावकाश, कारण ताण असलेली काच तापताना पण फुटू शकते, आणि या वेळी दोन तास थांबवली. आता संध्याकाळचे साडेसात झालेत, भट्टी ३४० दाखवतेय. उद्या दुपारपर्यंत मी त्या खोलीत जाणार नाही असं ठरवलंय, मग परत गॉगल लावून बघेन आणि काळी दिसली तरच तुझ्यासाठी ठेवेन.

तुला माझ्या आजीचं सांगितलंय का कधी, ती ओगलेवाडीची. तिथला काचेचा कारखाना १९१६ चा, आपल्या कऱ्हाडाजवळचा, तिथला प्रभाकर कंदील तेव्हा घराघरात असायचा. आमच्याकडं पण होता आणि कंदिलाची नवी काच आणली की आजी ती गार पाण्यात बुडवून, पातेलं चुलीवर ठेवून, मीठ टाकून उकळायची आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवायची, सकाळी काढायची. आम्ही विचारलं की म्हणायची, तिला सवय लागू दे. आता मला कळतं की १०० अंशाला काचेतला ताण काही जात नाही, त्याला ५५० च लागतात. पण गार पाण्यापासून सुरुवात करायची, सगळीकडून सारखं तापवायचं आणि त्यातच निवू द्यायचं, हे तिला बरोबर माहीत होतं. पावसाळ्यात तापलेल्या कंदिलावर पागोळीचा एक थेंब पडला की काच तडकायची, त्यामुळं ओट्यावर कंदील कुठं टांगायचा हे तीच ठरवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

तू विचारलं होतंस की तुझ्या मैत्रिणीकडच्या रंगीत काचेचे तुकडे यात घालता येतील का. नाही घालता येणार गं. प्रत्येक काच तापल्यावर वेगळी फुगते आणि गार होताना वेगळी आखडते. खिडकीच्या काचेचा हा फुगण्याचा आकडा साधारण ८३-८५, अमेरिकेत पोर्टलंडला बुल्सआय कंपनी फ्यूजिंगसाठी काच करते तिचा ९०. एकत्र वितळवल्या तर चिकटतात छान, पण गार होताना एकमेकींना फाडतात, आणि तो ताण कितीही निववलं तरी जात नाही. म्हणून मी एका डिशला एकाच मोठ्या शीटमधली काच वापरते, काचवाल्याकडून उरलेल्या पट्ट्या आणते त्या पण एकाच शीटच्या मागून घेते, त्याला आता सवय झालीय. फक्त टफन्ड नको म्हणून सांगावं लागतं, ती कापताच येत नाही.

आणि काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या शेल्फला लावायचा लेप, अ‍ॅल्युमिना आणि चिनी मातीचा, तो मी आता प्रत्येक ८०० च्या वरच्या फायरिंगनंतर खरवडून नवा लावते. मास्क लावून खरवडते, काळजी करू नकोस, खिडकी पण उघडी ठेवते. भट्टीसाठी वायरमननं वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी टाकून दिलाय, त्यामुळं बाबांनी मिक्सर लावला तरी काही होत नाही.

आता एक काम कर. तुकडे टाकले नसशील तर वर्तमानपत्रात एकेक वेगळा गुंडाळून ठेव आणि दिवाळीला येताना घेऊन ये. मला बघायचंय तडा कुठून निघाला आणि कसा वळला, देठाजवळून गेलाय का. धुऊन पुसून ते परत भट्टीत लावता येतील, काच तीच आहे आणि पानाची राख पण तिथंच असेल, जोडाच्या ठिकाणी एक रेघ दिसेल फक्त. पण फेविक्विकनं चिकटवू नकोस, चिकटवलं असशील तर मला सांग, मला तो आधी पूर्ण काढावा लागेल.

पाय पोळला होता तो बरा झाला का? मलम लावतेस ना.

तुझी,
आई