वॉचमनला रविवार कधी?

संपादक महोदय,

सप्टेंबरअखेरपर्यंत गृहनिर्माण सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आमच्या सभेची विषयपत्रिका परवा हाती आली. कॅमेरे, पार्किंग, गच्चीची गळती यांवर पानभर मजकूर आणि वॉचमनबद्दल एकच ओळ : ‘एजन्सी बदलण्याबाबत विचार करणे’. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे माझे सासरे कुणाला न सांगता खाली उतरले. त्यांना आता फारसे आठवत नाही. रात्रपाळीच्या वॉचमनने त्यांना हटकले नाही. ‘आजोबा, चहा घेऊ या’ म्हणत आपल्या खुर्चीवर बसवले, थर्मासमधला चहा ओतून दिला आणि मग इंटरकॉमवरून मला उठवले. मी धावत गेले तर सासरे गावच्या विहिरीची हकिगत सांगत होते आणि तो उभ्याने ऐकत होता. केबिनमध्ये खुर्ची एकच आहे.

बोलताना कळले, तो सलग छत्तीस तास ड्युटीवर होता. रिलिव्हर आलाच नव्हता. बारा तासांची पाळी तर रोजचीच. खाडा केला की पगार कापतात, म्हणून महिन्याचे तीसही दिवस तो येतो. पाणी आले की पंप लावायचा, टाकी भरली की बंद करायचा, कुरिअर घ्यायचे, बसमधून उतरलेले मूल आई येईपर्यंत सांभाळायचे. आणि पहाटे चारला डोळा लागला की त्याचा फोटो सभासदांच्या ग्रुपवर! तशा एका फोटोला मीही ‘लाइक’चा अंगठा दिला होता. त्याची मला आज लाज वाटते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्येच कायदा केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना आणि रक्षकाला प्रशिक्षण सक्तीचे आहे. पण एजन्सीकडे परवाना मागणारी, रक्षकाची पगारपावती पाहणारी कमिटी मी तरी पाहिलेली नाही. दर सर्वांत कमी कुणाचा, एवढेच पाहिले जाते. तो दर कुणाच्या झोपेतून निघतो, हे कुणी विचारत नाही.

आमच्या एका गेटवर आज दोन माणसे आहेत. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची, तर आणखी दोघे लागतील. त्यांचे महिन्याला चाळीस हजार धरले, तर १६० घरांत घरटी अडीचशे रुपये पडतात.

हा ठराव मी सेक्रेटरींना लेखी दिला आहे. इमारतीखालच्या पार्किंगमधल्या (स्टिल्टमधल्या) संडासाची किल्ली वॉचमनकडे असावी आणि केबिनमध्ये दुसरी खुर्ची ठेवावी, हेही त्यात आहे. इतर सोसायट्यांच्या सभासदांनीही यंदाच्या सभेत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक सभासद, ठाणे (पश्चिम)